उरमिन्नेस हेव्द

पेडण्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याला लागून
माझं टेबल. एकोणीस वर्षं
पोर्तुगीज कागद मराठीत उतरवते.
स्वीडिश येत नाही, असं हिल्डुरबाईंना
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
त्या म्हणाल्या, शब्द मी सांगते, वाक्य तुम्ही करा.

कागद त्यांच्या वडिलांचा. कुठल्याशा तळ्यावर
मासे धरायचा हक्क, जिंकलेला दावा,
शिक्क्याची लाख सुकून पापुद्रा झालेली.
जमत गेलं सगळं. मग एका ओळीत त्या अडल्या.
उरमिन्नेस हेव्द.
पुन्हा म्हणाल्या, हळू,
बंद घराचं कुलूप हलवून बघावं तसं.

मिन्ने म्हणजे आठवण.
उर म्हणजे तिच्या आधीचं, तिच्या बाहेरचं.
मी म्हटलं, आमच्यात उरतं ते मागून उरतं.
हेव्द म्हणजे धरून ठेवणं. आणि कसलेलं रानसुद्धा:
जमीन हेव्दात आहे म्हणजे
कुणाचा तरी हात अजून तिच्यावर फिरतो आहे.
(मी आधी हेवा ऐकलं. लिहिलं. खोडलं.)

सतराशे चौतीसचा कायदा त्यांनी घडाघडा म्हटला,
वडील जेवताना म्हणायचे म्हणे:
इतका काळ, बिनतक्रार, बिनअडथळा वापरलेलं,
की कुणाला आठवत नाही,
खऱ्या सांगोवांगीतूनही कळत नाही,
पूर्वज मुळात इथवर आले कसे.

खरी सांगोवांगी!
आमच्या कोर्टात सांगोवांगीला
बाकावरसुद्धा बसू देत नाहीत.
शब्द आला कुठून, ते मी विचारत होते,
आणि शब्दाचा अर्थच असा
की आलं कुठून ते कुणाला सांगता येऊ नये.

पोर्तुगीजांचा होता एक, पोस इमेमोरियाल.
कोमुनिदादीच्या कागदांत शेकडो वेळा भेटलेला.
'अनादि काळापासून' असं ठोकून द्यायची मी,
रबरी शिक्क्यागत.
या खेपेला हात वळेना. अनादि देवाचं असतं.
हे तर गळ टाकून बसणाऱ्यांचं.

त्याच दुपारी सुलक्षा आली, सुलक्षा पुरसो आगरकर,
घोट्यांवर मीठ सुकलेलं. हातात नोटीस.
वाचून दाखव म्हणाली.
वाचायची गरज नव्हती, सोमवारी मीच टाईप केलेली:
आगरवाड्याच्या घराचं मागचं परसू, त्यातून
मिठागराकडे जाणं-येणं
पंधरा दिवसांत बंद करावे.
खाली सही हिल्डुरबाईंची, उभी, सरळ.

कधीपासून जातेस या वाटेनं?
सासू जायची, म्हणाली. तिच्या आधी कोण
ते वाटेक विचार.
मिठाची पाटी डोक्यावर असता
मागे वळून कोण बघतंय? मान मोडते.
नोटीस टेबलावरच ठेवून गेली.
आमच्या घरात कागद टिकत नाही, म्हणाली.

रात्री कोशात शोधलं नाही, मुद्दाम.
वहिवाट, असं लिहिलं.
पाय वाहून नेतात ती, की पायांना वाहून नेते ती,
व्युत्पत्ती काय असेल ती असो.
पुढे जोडलं: स्मरणाच्या पलीकडची.
मग 'पलीकडची' खोडून 'अलीकडची' केलं, मग पुन्हा उलट.

शुक्रवारी हिल्डुरबाईंना वाचून दाखवलं.
वहि-वाट, त्यांनी तोडून म्हटलं.
वाट म्हणजे?
मी दोन बोटं टेबलावर चालवली, कडेपर्यंत.
स्तीग, त्या म्हणाल्या, म्हणजे तेच असावं.
बोटं जिथं थांबली तिथं ती नोटीस होती.
बघितली त्यांनी. चष्मा पुसला.
फी मोजून दिली, सुटे माझ्याकडे नव्हते,
राहू दे म्हणाल्या.
राहू दे, एवढंच.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही;
न बोललेल्याचा अनुवाद करायचा परवाना मला नाही.

पंधरा दिवस परवा संपले.
नोटीस माझ्याच खणात.
सुलक्षानं बोट टेकवून विचारलं होतं,
यात माझं नाव कुठंय,
तेवढ्या जागी कागदाला
अजून ओल सुटते.